आलेच

रविवारी सकाळी मिस्त्रीने गाडीचे चारही प्लग काढले आणि एका फडक्यावर ओळीने मांडले. चारही काळेकुट्ट. नवरा समोरच्या दुकानात केस कापायला गेला होता, त्यामुळे ते पाहायला गाडीपाशी तपासनीसबाई एकटीच उभी होती.

"बाई, गाडी जागच्या जागी फार वेळ चालू ठेवता तुम्ही," मिस्त्री म्हणाला.

"थंडी आहे ना. इंजिन तापवायला नको?"

"हवं की. पण त्यालाही काही सुमार? जुनी गाडी आहे, कबूल. चोक ओढा, सुरू करा, अॅक्सिलरेटरवर पाय ठेवून बसा, नाहीतर बंद पडेल. दोन मिनिटं, फार तर तीन. मग चोक आत ढकला आणि निघा." त्याने एका प्लगवरून बोट फिरवलं आणि तिच्यापुढे धरलं. "ही काजळी तीन मिनिटांची नाही. चोक ओढलेलाच ठेवून रोज अर्धा अर्धा तास बसतं कुणीतरी गाडीत."

आयुष्यभर दुसऱ्याच्या मापातली खोट काढणाऱ्या बाईला आपल्याच दारातली खोट मिस्त्रीने दाखवावी, हे तिच्या मनाला लागलं. केस कापून, मानेवर पावडर घेऊन नवरा आला तेव्हा ती मिस्त्रीचे पैसे मोजत होती. तो मात्र खुशीत होता. अलीकडे सकाळी तो खुशीतच असे, आणि ही गोष्ट आत्तापर्यंत आपल्या नजरेतून सुटली कशी, याचं तिला नवल वाटलं.

ती वजनमापे कार्यालयात होती. दुकानोदुकानी जायचं, काटे तपासायचे, काटा बरोबर निघाला तर त्याच्या झाकणात बारीक तार ओवून तिच्यावर शिशाचा मणी दाबायचा. दाबायची पक्कड ज्याची त्याची वेगळी, आणि पक्कडीच्या दातावर ज्याचा त्याचा आकडा. तिचा सतरा. काटा नापास झाला तर पक्कड उलटी धरायची, मग सतरावर फुली उमटायची. फुलीचा काटा दुकानातून उचलून नेत नसत. तो असायचा तिथेच, पण त्याच्यावर पुन्हा कुणी काही तोलायचं नाही. बावीस वर्षांत तिचा एकही मणी कुणी खोटा पाडला नव्हता. मणी मोजून मिळत आणि मोजून परत जात. गेल्या महिन्यात एक मणी कमी भरला, तर तिने दोन दिवस सगळं कपाट खाली काढलं होतं. तो मणी काही सापडला नाही.

नवरा छापखान्यात प्रुफं तपासायचा. म्हणजे एक मापं तपासणार, दुसरा अक्षरं. या घरात चुकीला जागाच उरली नाही, अशी थट्टा लग्नानंतरची पहिली काही वर्षं पाहुण्यांत चाले. पुढे पुढे बोलण्यालाही फारशी जागा उरली नाही. भांडण म्हणाल तर कधीच नव्हतं. दोघं एकाच टेबलावर जेवणाच्या ताटल्या ठेवून, एकाच वर्तमानपत्राची दोन पानं वाटून घेऊन, गुपचूप जेवत.

सकाळी मात्र एक शब्द ठरलेला होता. साडेसातला नवरा गाडी तापवायला खाली जायचा. थोड्या वेळाने खालून हॉर्न वाजला की ती खिडकीतून ओरडायची, "आलेच!" हा शब्दच मोठा लबाड. ऐकणाऱ्याला वाटावं आलीच, आणि बोलणारीची अजून वेणीही व्हायची असते. सासूबाई होत्या तेव्हा त्यांनी तिचं नावच आलेचबाई ठेवलं होतं. तिचं आलेच म्हणजे दहा मिनिटं, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

सोमवारी तिने घड्याळ लावून पाहिलं. नवरा सात पंचविसाला खाली गेला. अठ्ठाविसाला इंजिन सुरू झालं. घर दुसऱ्या मजल्यावर, जिना चौतीस पायऱ्यांचा. खिडकी गाडीच्या वरच होती, पण मधे पत्र्याचं छप्पर होतं, त्यामुळे गाडीचा मागचा अर्धाच भाग दिसायचा. नळकांड्यातून पांढरा धूर निघत होता. मागची काच धुरकट झाली होती. पावणेआठ वाजले, आठला दहा कमी झाले. हॉर्न वाजला. "आलेच!" ती ओरडली, आणि या वेळी खरोखरच लगेच निघाली. खांद्यावर तपकिरी शाल ओढून घेताना काठाशी काहीतरी मनगटाला बोचलं. धाग्याची गाठ असेल म्हणून तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

खाली आली तेव्हा नवरा काहीतरी गुणगुणत होता. तिने दार उघडलं आणि गुणगुणणं थांबलं.

ती बसली. बाहेर हाताची बोटं वाकत नव्हती अशी थंडी, आणि तिची सीट कोमट होती.

"सापडला?" नवऱ्याने विचारलं.

"काय?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि गाडी बाहेर काढली.

तिने बाजूला पाहिलं. तिच्या बाजूची काच आतून वाफेने भरली होती. त्याच्या बाजूची त्यामानाने स्वच्छ होती. वाफ आपोआप धरत नाही, त्याला कुणाचा तरी श्वास लागतो. कचेरीपर्यंतची वीस मिनिटं तिने त्या काचेकडे बघत काढली. वाफ हळूहळू आटत गेली, आणि नवरा नेहमीसारखा मुकाट्याने गाडी चालवत राहिला.

शंकेची पाल तर कालच चुकचुकली होती. आज ती भिंतीवरून हलेना. छापखान्यात दोन वर्षांपूर्वी एक नवी बाई लागली होती, अक्षरजुळणीला. घरी कधीतरी तिचं कौतुक झालं होतं. ती राहतेही दोन गल्ल्या पलीकडेच. मागच्या फाटकाने यायचं, गाडीत बसायचं, आणि आलेच ऐकलं की उतरून जायचं. आलेच म्हटल्यावर दहा मिनिटं हाताशी असतात, हे तिला सांगणारं माणूसही घरातलंच. किती सोपं होतं. तिने स्वतःच्या तोंडाने रोज त्यांना वेळ मोजून दिला होता.

त्या दिवशी तिने एका किराणावाल्याचा काटा तपासला. तो बोलता बोलता तागडीच्या कडेला अंगठा टेकवून उभा राहायचा, आणि तिची नजर वळली की तोच अंगठा नाकाला लावून विचारात पडल्याचा आव आणायचा. एरवी तिला हसू आलं असतं. घरी येऊन तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. सांगायला होतं कोण?

तळमजल्यावर एक म्हातारी नर्सबाई राहायची, कधीच निवृत्त झालेली. सगळे तिला मावशी म्हणत. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर गाडीच्या डाव्या अंगाला होती. संध्याकाळी बाई मुद्दाम तिच्याकडे गेली, थर्मामीटर मागायच्या निमित्ताने.

"ताप आहे का गं?"

"नाही, असू दे म्हणून."

मावशी थर्मामीटर शोधता शोधता हसली. "तुमचं बाकी बरं आहे हो. रोज सकाळी कसे गाडीत बसून गप्पा मारता! मी चहा ठेवते ना, तेव्हा ऐकू येतं. नवराबायको असावीत तर अशी. माझ्या मेल्याला मी तीस वर्षांत एवढं हसवलं नाही."

बाईने चेहरा हलू दिला नाही. "मी दिसते तुम्हाला?"

"पाठमोरी. काच तर सगळी धुरकटलेली. पण तुझी शाल ओळखते की मी." मावशीने थर्मामीटर झटकला. "आणि तुझं ते अरे, ऐक ना! कानाला गोड वाटतं बाई."

थर्मामीटर घेऊन बाई वर आली आणि न वापरताच तिने तो टेबलावर ठेवला. चौतीस पायऱ्या कशा चढली हे तिला कळलं नाही. नवऱ्याला ती अहो म्हणायची. लग्नाआधी, कॉलेजात असताना, अरे म्हणायची, पण ते सासूबाईंच्या उंबऱ्याबाहेर राहिलं ते राहिलंच. पंचवीस वर्षं अहो. म्हणजे गाडीत बसते ती दुसरीच कुणीतरी, तिच्यासारखी शाल पांघरून. तिचा नवरा कुणाला तरी अरे म्हणू देत होता. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

पण नुसत्या संशयावर तिने कधी कुणाचा काटा बंद केला नव्हता. मंगळवारी संध्याकाळी, नवरा बाजारात गेलेला पाहून, ती खाली उतरली. गाडीच्या पुढच्या डाव्या दाराच्या मुठीतून तिने बारीक तार ओवली, मागच्या दाराच्या मुठीपर्यंत नेली, ताणून बांधली आणि तिच्यावर शिशाचा मणी दाबला. सतरा. पुढचं दार बोटभर उघडलं तरी तार तुटणार. नवरा उजव्या बाजूने बसायचा, तो इकडे फिरकायचाही नाही. पिशवीत सहा मणी होते. आता पाच उरले. पक्कड तिने पिशवीत टाकली, आणि पिशवी रात्रभर उशाशी ठेवली.

बुधवारी नवरा नेहमीसारखा खाली गेला. ती खिडकीत उभी राहिली. धूर निघत राहिला. एकदा तिला हसण्याचा आवाज आला असं वाटलं, पण इंजिनाच्या घरघरीत काय कळणार? हॉर्न वाजला. आज आलेच म्हणायला तिची जीभ वळेना. तशीच ती खाली गेली.

तार जशीच्या तशी होती. मणी होता. तिने तिथेच दाराशी वाकून सुटकेचा निःश्वास सोडला. कुणी नाही. मिस्त्रीला काय कळतंय, आणि मावशीला मोतीबिंदू. तार तोडायला तिने मणी चिमटीत धरला, आणि थांबली.

मणी चकाकत होता.

शिसं ताजं दाबलं की आरशासारखं चमकतं. एक रात्र दवात राहिलं की त्यावर करडेपणा चढतो. रात्रभर गाडीवर दव पडलं होतं, टपावर अजून थेंब होते. आणि हा मणी आत्ता, पाच मिनिटांपूर्वी दाबल्यासारखा लखलखत होता. आकडा सतराच. सातच्या शेपटीशी तिच्या पक्कडीला एक बारीक टवका होता, तोही उमटला होता. तिने पिशवी उघडली. पक्कड जागेवर. मणी चार.

तपासून झाल्यावर पुन्हा शिक्का मारायचा, असा नियमच होता.

तिने तार तोडली, दार उघडलं आणि बसली. सीट कोमट होती. मणी मुठीत घट्ट धरून तिने विचारलं, "रोज इथे कोण बसतं?"

"कुठे?"

"इथे. माझ्या जागेवर."

नवरा हसला. "तू."

"माझ्या आधी."

"तुझ्या आधी तूच." तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू हळूहळू मावळलं. "अगं, तू येतेस ना माझ्यामागोमाग. बसतेस. आपण बोलतो. मग तुला काहीतरी आठवतं, रुमाल, चष्मा, नळ बंद केला की नाही. आलेच म्हणतेस आणि वर जातेस. आणि परत येतेस तेव्हा..."

"तेव्हा काय?"

"तेव्हा ही असतेस." तो अवघडला. "मला वाटायचं, वरचं घरच तुला आवडत नाही. वर गेलीस की चेहरा पडतो. म्हणून मी थोडा लवकर यायला लागलो खाली. तेवढाच जास्त वेळ."

"काय बोलते मी?"

"सगळंच. काल तू त्या किराणावाल्याची नक्कल केलीस. अंगठा तागडीवर, मग नाकाला. मी इतका हसलो की चोक आत ढकलायचा राहूनच गेला."

ती गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती.

"मी खाली एकदाच येते," ती म्हणाली. "रोज. एकदाच."

त्याने तिच्याकडे पाहिलं. प्रुफातला एखादा शब्द बरोबर की चूक हे ठरेना की तो असाच बघत राहायचा. पण आज तो चूक दुसरीकडे शोधत नव्हता. तिच्यातच शोधत होता.

त्या संध्याकाळी, कितीतरी वर्षांनी, दोघं बोलली. बोलण्यासारखं काही सापडल्याने नव्हे, भीतीने. सकाळी तो खाली गेला की दाराला ती आतून कडी लावायची. मागच्या फाटकाला कुलूप होतं, तेही नवऱ्याने दोनदा जाऊन पाहिलं. अक्षरजुळणीची बाई गेले तीन महिने माहेरी बाळंतपणाला गेली होती. संशय घ्यायला आता कुणी उरलंच नव्हतं, आणि त्यामुळे काही बरं वाटलं नाही. बाईला सगळ्यात खुपलं ते वेगळंच. तिला हेवा वाटत होता. जी कोणी ती होती, ती तिच्या नवऱ्याला हसवत होती, अरे म्हणत होती, आणि हे सगळं आपल्यालाही एके काळी येत होतं.

"उद्या बरोबरच खाली जाऊ," ती म्हणाली. "मी तुमच्या शेजारी बसते. आणि ऐका, मी आलेच म्हणून उठले, तर मला सोडू नका."

"आणि तूच सोड म्हणालीस तर?"

"तरी सोडू नका."

"पण मग त्यातली तू कोण, हे मला कळायचं कसं?"

तिने ताटल्या उचलल्या.

गुरुवारी थंडी कडक होती. दोघं बरोबर निघाली. दाराला कुलूप तिने स्वतः लावलं, किल्ली स्वतःच्या मुठीत ठेवली. पिशवी खांद्याला अडकवली. जिन्यात त्याने तिचा हात धरला. त्याचा हात असा असतो हे ती विसरली होती.

गाडीपाशी कुणी नव्हतं. सीट बर्फासारखी गार होती, आणि त्या गारव्याने तिला केवढा धीर आला! नवऱ्याने चोक ओढला. तिसऱ्या फेरीला इंजिन धरलं. अॅक्सिलरेटरवर पाय ठेवून तो बसला, ती त्याच्या शेजारी, आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचेना.

"मिस्त्री म्हणाला, तीन मिनिटं पुरे," ती शेवटी म्हणाली.

"मिस्त्रीला काय जातंय."

तिला हसू आलं. कशाला ते तिला सांगता आलं नसतं. मग तोही हसला. तिने मिस्त्रीची नक्कल केली, काळं बोट पुढे धरून, तोंड वाकडं करून. मग प्रुफं न वाचता सही करणाऱ्या त्याच्या साहेबाची त्याने केली. काचेवर वाफ धरायला लागली. मावशीच्या खिडकीत दिवा लागला, भांडं वाजलं. पायांना इंजिनाची ऊब लागली आणि अंगातलं इतक्या वर्षांचं काहीतरी सैल झालं. इतकं सोपं होतं तर आपण एवढी वर्षं वर काय करत होतो, असं तिला वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"अरे, ऐक ना," ती म्हणाली.

तो चमकला. मग त्याचा चेहरा असा उजळला की तिला त्याच्याकडे बघवेना. नजर वळवायची म्हणून तिने मांडीवरच्या पिशवीकडे हात नेला.

मांडीवर पिशवी नव्हती.

खांद्याला नव्हती. पायाशी नव्हती. मागच्या सीटवर नव्हती. अडकवल्याचं तिला पक्कं आठवत होतं. पक्कड तिच्यात होती, मणी होते. पक्कड हरवणं म्हणजे बावीस वर्षांवर पाणी.

"मी आणतो," नवरा म्हणाला. त्याने पाय उचलताच इंजिनाने आचके दिले आणि ते विझायला आलं. त्याने घाईने पाय पुन्हा ठेवला.

"तुम्ही बसा. बंद पडली तर पुन्हा सुरू व्हायची नाही. मी जाते." ती दार उघडून उतरलीसुद्धा. "आलेच."

शब्द तोंडातून गेला आणि दोघंही थिजली.

नवऱ्याने वाकून तिचं मनगट पकडलं.

"अहो, मीच आहे," ती म्हणाली. "बघा ना. दोन मिनिटं. सोडा."

त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि हात सोडला. जरा पटकनच सोडला, असं तिला नंतर वाटलं.

चौतीस पायऱ्या ती धावत चढली. कुलूप होतं तसं होतं. किल्ली फिरली. घरात कुणी नव्हतं.

पिशवी टेबलावर होती, थर्मामीटरच्या शेजारी.

तिने ती उघडली. रुमाल होता, चष्मा होता, फोन होता.

पक्कड नव्हती. मणीही नव्हते.

खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज झाला.

ती खिडकीकडे धावली. गाडी छपराखालून मागे येत होती. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती. डाव्या बाजूचं डोकं त्याच्याकडे वळलेलं होतं, खांद्यावर तपकिरी काठ होता.

"अहो!" ती ओरडली. आणि मग सगळं बळ एकवटून, "आलेच! अहो, आलेच!"

मावशीने खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं. इकडे तिकडे पाहिलं, जणू आवाज कुठून आला ते कळलं नाही, आणि मान आत घेतली.

गाडी फाटकातून गेली.

तिने नवऱ्याला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. गाडी चालवताना तो कधीच उचलत नसे. ती टेबलापाशी उभी राहिली. साडेआठ वाजेपर्यंत तिने खुर्चीवर बसण्याचाही धीर केला नाही. मग कचेरीला फोन लावला. शिपायाने उचलला.

"तपासनीसबाई आल्यात का?" तिने विचारलं. स्वतःचा आवाज तिला बारीक वाटला.

"मॅडम? हो, आत्ताच आल्या. यजमानांनी गाडीने सोडलं. आज काय खुशीत आहेत! आपण कोण बोलताय?"

तिने तोंड उघडलं.

"हॅलो? बरं, थांबा, बोलावतो." मग फोनपासून दूर, मोठ्याने, "मॅडम, फोन!"

आणि कचेरीच्या लांबच्या टोकाकडून, हसऱ्या, मोकळ्या आवाजात,

"आलेच!"

ती फोन कानाशी धरून थांबली. दहा मिनिटं, तिला माहीत होतं. हाताला चाळा म्हणून ती शालीचा काठ चुरगळत होती. तिथे पुन्हा तेच काहीतरी बोचलं. तिने काठ उजेडात धरला. लोकरीतून एक बारीक तार ओवलेली होती, आणि तिच्यावर शिशाचा मणी होता. सतरा, आणि सतरावर फुली.

तिने तो अंगठ्याने घासला. शिसं चकाकेना. करडं, मंद पडलेलं होतं, निदान महिन्यापूर्वीचं.